अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर

अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर हिरवी पट्टी तिसऱ्यांदा थांबली, आणि मागून कुणी शर्ट धरून ओढावं तशी उलटी निघाली. सत्तर. पंचावन्न. एकतीस. तो मांडीवर हात ठेवून नुसता बघत राहिला. पुढे जायला त्या पट्टीला चाळीस मिनिटं लागली होती, मागे यायला चार पुरली. शेवटी पडद्यावर लाल फुली उमटली आणि तिच्याखाली तेच सभ्य वाक्य आलं: सर्व्हिस पॅक बसवता आला नाही, सर्व्हर पूर्वीच्या स्थितीत आणला आहे. पूर्वीच्या स्थितीत म्हणे! तो एकटाच मोठ्याने हसला. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं माणसाला. खोलीला खिडकी नव्हती. बाहेर रविवारची सकाळ होती की दुपार हे घड्याळात बघूनच कळायचं, आणि थंड हवेचा झोत डावीकडून सारखा मानेवर येत होता. गेली अकरा वर्षं झोत याच बाजूने येत होता. अकरा वर्षांत खुर्ची दोन हात सरकवावी असं कुणाला सुचलं नव्हतं. आधी या खुर्चीत बसणाऱ्या मास्तरांची मान दुखायची. आता त्याची दुखते.

फोन वाजला. मॅनेजरबाईच असणार, रविवारी दुसऱ्या कुणाला त्याची आठवण होत नाही. "झालं का हो?" त्या म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली. "नाही. परत मागे आलं," तो म्हणाला. "अहो, असं कसं? मंगळवारी रक्ततपासणीची नवीन मशिनं येतायत. तुम्हीच म्हणालात ना, तो पॅक बसल्याशिवाय मशिनं डेटाबेसशी बोलणार नाहीत म्हणून? नऊ शाखांची रक्तं नळ्यांत घालून ठेवू का मी? मला कारणं नकोत, काम झालेलं हवंय." "कारण सापडल्याशिवाय काम होत नाही, मॅडम," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. वाक्य त्याचं नव्हतं. मास्तरांचं होतं, त्यांच्या त्या शांत, किंचित नाकातल्या सुरासकट. इतकी वर्षं पोटात कुठे बसलं होतं कोण जाणे, नेमकं आज तोंडातून बाहेर पडलं. फोन ठेवल्यावरही तो सूर बराच वेळ कानात राहिला.

खरं तर सर्व्हिस पॅक म्हणजे काय, तर ठिगळ. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना आपल्या चुका उशिरा कळतात, मग ते चांगलं मोठं ठिगळ शिवून पाठवतात आणि म्हणतात लावा. ते लागत नसेल तर काय काय तपासायचं याची यादी त्याला पाठ होती. डिस्कवर जागा आहे का, आधीचं रीस्टार्ट अर्धवट राहिलंय का, व्हायरसवाला पहारेकरी मध्येच फायली अडवतोय का, ज्या लॉगिनने आपण आत शिरलोय त्याला पुरेसे हक्क आहेत का. सकाळपासून त्याने हे सगळं एकदा सोडून दोनदा केलं होतं. एक गोष्ट तेवढी केली नव्हती. लॉग उघडला नव्हता. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, आपण काय केलं नि कुठे अडखळलो हे तो बिचारा ओळीओळीने लिहून ठेवतो. मास्तर सगळ्यात आधी लॉग उघडायचे. नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी वही घ्यायला लावायचे आणि पहिल्या पानावर स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहून द्यायचे: आधी लॉग, मग अंदाज. म्हणून तर ते मास्तर. नाहीतर कुठल्या शाळेत शिकवायला गेले होते? आणि त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी तीन वेळा आपटूनही लॉगला हात लावत नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

शेवटी उघडला. दोन लाख ओळी. वाचायची रीतही मास्तरांचीच. सर्व्हर प्रत्येक काम झालं की एक आकडा लिहितो. एक लिहिला तर काम नीट झालं. तीन लिहिला तर तिथे पाणी मुरतंय. म्हणून तीन शोधायचा, आणि सापडला की त्याच्या खाली नाही, वर बघायचं, कारण पडलेला माणूस खाली दिसतो पण पाय घसरलेला असतो वरच्या पायरीवर. त्याने तीन शोधला. वरची ओळ वाचली. मूळ पॅकेज सापडत नाही. सर्व्हरचंही बरोबरच होतं म्हणा. ठिगळ लावायचं तर तो आधी कापड मागतो. पहिल्यांदा सॉफ्टवेअर बसवलं तेव्हाच्या मूळ फायली तो एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये जपून ठेवतो. रोजच्या कामाला त्या लागत नाहीत. वर्षानुवर्षं नुसती जागा अडवून बसतात. पण दुरुस्तीची वेळ आली की त्याला पहिल्या प्रथम त्याच लागतात. त्याने फोल्डर उघडलं. रिकामं होतं. अगदीच रिकामं नव्हतं, कोपऱ्यात एक छोटी फाईल होती, चार ओळींची, 'साफसफाई' नावाची. या फोल्डरमधलं सगळं पुसून टाक, एवढंच तिच्यात लिहिलं होतं. बनवणाऱ्याच्या नावापुढे मास्तरांचं लॉगिन होतं. तारीख होती तीन वर्षांपूर्वीची, वार गुरुवार. तो गुरुवार त्याला विचारा. त्याला त्या दिवशीच्या सफरचंदांचा भाव आठवत नव्हता, पण पिशवी फाटकी निघाली होती आणि दवाखान्याच्या जिन्यावर दोन सफरचंदं घरंगळली होती ते आठवत होतं.

त्या गुरुवारी मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सकाळी डिस्क भरल्याची लाल रेघ आली आणि नऊही शाखांचे फोन सुरू झाले. त्याला नोकरीत अजून कायम केलेलं नव्हतं. अशा वेळी माणूस फार उत्साही असतो. त्याने मास्तरांच्या नावाने आत शिरून जागा कोण खातंय ते शोधलं, त्या आडबाजूच्या फोल्डरवर नजर गेली, वाटलं, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, अडगळ आहे. दोन्ही सर्व्हरवर चार ओळी चालवल्या. लाल रेघ हिरवी झाली. मास्तरांच्या नावाने सगळेच शिरायचे. स्वतःचं पुरेसं हक्काचं लॉगिन मागायचं तर अर्ज तीन टेबलांवरून फिरायचा, म्हणून मास्तरांनी आपला पासवर्ड विश्वासातल्या दोघाचौघांच्या कानात सांगून ठेवला होता. पासवर्ड म्हणजे मास्तरांच्या बायकोची, काकूंची जन्मतारीख. संध्याकाळी तो सफरचंदं घेऊन गेला. मास्तर डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. त्याने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, तुमचं लॉगिन वापरलं, ते फोल्डर साफ केलं, जागा झाली. मास्तरांनी हवेत हात चाचपून त्याचा हात शोधला आणि थोपटला. "बरं केलंस," म्हणाले. तो किती खूश होऊन जिना उतरला होता! घरंगळलेलं एक सफरचंद जिन्याच्या वळणावर तसंच पडलं होतं, तेही उचललं आणि खाल्लं.

दोन महिन्यांनी पहिल्या सर्व्हरची डिस्क खराब झाली, दुरुस्ती करायला गेले तर मूळ फायलीच नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोन दिवस एकही रिपोर्ट बाहेर पडला नाही. लोक काउंटरवर चिठ्ठ्या नाचवत होते. एक बाई काही न बोलता बाकावर बसून होती, तिच्या मुलाचा रिपोर्ट अडकला होता, आणि ती चिडत नव्हती याचीच त्याला जास्त भीती वाटत होती. मास्तर दोन दिवस घरी गेले नाहीत. कपाटातल्या जुन्या सीड्या काढून एकेक फाईल परत बसवत राहिले. मग चौकशी. टेबलापलीकडे तिघे, अलीकडे मास्तर, आणि दाराशी तो, कागद द्यायला. फायली कुणी उडवल्या? लॉगिन मास्तरांचं. मास्तर बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला आठवत नाही, पण लॉगिन माझं आहे, तेव्हा माझ्याच हातून झालं असणार." तारखेवरून कुणीतरी दवाखान्याची नोंद काढू शकलं असतं, पण माणूस स्वतःच हो म्हणतोय म्हटल्यावर कशाला कोण कष्ट घेतंय? त्याच्या घशाशी शब्द आला होता. आला, थांबला आणि मागे गेला. त्याने मूग गिळले. मास्तरांनी एकदा त्याच्याकडे बघितलं होतं, आणि त्या बघण्याचा अर्थ त्याने त्याच संध्याकाळी घरी जाताना लावून टाकला होता: मास्तर मला वाचवतायत. त्यांना सगळं माहीत आहे. मी सांगितलंय ना त्यांना! त्यांची नोकरी संपत आलीय, माझी सुरू व्हायचीय, म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. महिन्याभरात मास्तरांनी वेळेआधीच निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ झाला नाही. सीड्यांचा खोका सुतळीने बांधून त्यानेच रिक्षात ठेवून दिला. "ऑफिसला नकोत म्हणतात," मास्तर म्हणाले, "असू देत माझ्याकडे. लागतील कधीतरी."

आणि लागल्या की. पहिल्या सर्व्हरवर पुढे सगळं नवंच घातलं, पण हा दुसरा तसाच चालत राहिला, आतून पोकळ. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतवाल्यांनी हात वर केले. इतकी जुनी आवृत्ती आम्ही काढून टाकली, म्हणाले, तुमची मूळ सीडी असेल ती घाला. त्याने मशीन लॉक केलं. पडद्यावर मास्तरांचं नाव आलं. आजही तो मास्तरांच्याच नावाने आत बसला होता. चौकशीत ते लॉगिन बंद करायचं ठरलं होतं, पण ते बंद केलं की अर्धी कामं बंद पडतात असं दिसल्यावर त्याला कुणी हात लावला नव्हता. माणूस काढता आला, नाव काढता आलं नाही.

मास्तरांचं घर चालत वीस मिनिटांवर. तीन वर्षांत तो तिकडे फिरकला नव्हता. बायको दोन-तीनदा म्हणाली होती, अहो, एकदा जाऊन तरी या, एवढे बोलत असायचात त्यांच्याबद्दल. तो म्हणायचा, जाऊ. त्या रस्त्यावरून जायची वेळ आली तर तो एक गल्ली आधीच वळायचा, आणि वळताना मनाशी म्हणायचा, एवढ्या मोठ्या उपकाराखालचा माणूस कुठल्या तोंडाने जाणार? उपकार हा शब्द त्याला फार सोयीचा पडला होता. उपकार म्हटलं की मास्तर मोठे होतात आणि आपण नुसते ऋणी उरतो. चोर उरत नाही. ही सोय त्याला आज चालता चालता पहिल्यांदाच स्पष्ट दिसली. दुकानं अर्धवट मिटलेली होती. एक माणूस शिडीवर चढून पाटीवरची जुनी अक्षरं खरवडत होता, खालून दुसरा ओरडत होता, "अरे हळू, भिंत ठेव!" तो थांबला, बघितलं, निघाला. सफरचंदं घ्यावीत असं मनात आलं. घेतली नाहीत.

आतून दोन कड्या निघाल्या आणि मग एक कुलूपही निघाल्याचा आवाज आला. दारात काकू. केस पार पांढरे. "अगंबाई, तू! वाट चुकलास की काय?" "काम होतं, काकू. तो सीड्यांचा खोका..." पहिल्या वाक्यालाच खोका काढला म्हणून त्याला स्वतःची शरम वाटली. "हो, कामाशिवाय कोण येतंय," काकू म्हणाल्या, पण त्यात टोचणी नव्हती, पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाल्या. "ये. चपला आत घे, बाहेर नको. चपला दिसल्या की त्यांना बाहेर जायचं असतं." मग दाराला परत कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. मास्तर आतल्या खोलीत झोपले होते. काकूंनी चहा टाकला. स्वयंपाकघराच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती, साखर, चहा, मीठ, मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात; खालच्या फळीवरचं अक्षर मात्र काकूंचं होतं. "तब्येत कशी आहे?" त्याने विचारलं. "तब्येत ठणठणीत. डोकं तेवढं राहिलं नाही." काकू एकदम हसल्या. "परवा मला म्हणतात, बाई, तुमचे मालक कुठे असतात कामाला? म्हटलं, होते एका तपासणी केंद्रात. तर म्हणे, अरे वा, मीही तिथेच होतो, ओळख असणार आमची!" तोही हसला. मग त्याने कप उचलला.

"कधीपासून हे, काकू?" "आता मागे वळून बघितलं तर वाटतं, डोळ्याच्या ऑपरेशनच्याही आधीपासून. कळलं नाही एवढंच. ऑपरेशनच्या दिवशी मला चारदा विचारलं, आपण इथे का आलोय? मी म्हटलं औषधाचं असेल." कप त्याच्या ओठाशी होता तिथेच राहिला. "त्या संध्याकाळी मी आलो होतो," तो म्हणाला. "हो, आला होतास ना. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारत होते, ही सफरचंदं कुणी आणली? म्हटलं, अहो, असं काय करता, काल तासभर हातात हात घेऊन बोलत बसला होतात की त्याच्याशी! तर म्हणे, नाही बुवा."

चहा कोमट होऊन वर साय धरली. तो त्या सायीकडे बघत बसला. म्हणजे आठवतच नव्हतं. टेबलापलीकडचे तिघे बसले होते तेव्हा मास्तरांच्या डोक्यात तो गुरुवारच नव्हता, ते 'बरं केलंस' नव्हतं, तो नव्हता. मला आठवत नाही, असं ते म्हणाले होते, आणि तिथल्या सगळ्यांनी, त्याने सगळ्यांत आधी, ते बोलायची पद्धत म्हणून घेतलं. अहो, माणूस खरं बोलत होता! आपलं डोकं आपल्याला दगा देऊ लागलंय हे त्याला एकट्याला आतून कळत असणार, आणि समोर कागद ठेवला होता की हे तू केलंस. केलं असेन, असं त्याला वाटलं. हल्ली काय काय होतंय आपल्या हातून, हेही झालं असेल. दाराशी उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे त्यांनी बघितलं ते डोळा मारून नव्हतं. विचारत होते. तुला तरी माहीत आहे का रे, एवढंच विचारत होते. आणि त्याने मान खाली घातली होती. उपकार नव्हता, काही नव्हतं. आंधळ्याच्या ताटातलं उचललं होतं त्याने, आणि वर तीन वर्षं ते त्यांनी आपणहून वाढलं असं समजून जेवला होता.

"सगळं गेलं रे," काकू सांगत होत्या. "मुलीचं नाव येतं जातं. पण एवढं एक जात नाही. रोज संध्याकाळी पाच वाजले की उठतात, तोंड धुतात, मला शर्टाला इस्त्री करायला लावतात, आणि निघतात ऑफिसात माफी मागायला. फायली उडाल्या म्हणे माझ्या हातून. दोनदा गेले तसेच, रस्ता चुकले, पोलिसांनी आणून सोडलं. म्हणून हे कुलूप. मी रोज सांगते, होते हो चूक माणसाच्या हातून, सोडा आता. ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच." काकू त्याच्या कपाकडे बघून म्हणाल्या, "गार झाला ना, दे, गरम करते." "काकू, त्या फायली मी उडवल्या होत्या," तो म्हणाला. इतक्या वर्षांत इतक्या तऱ्हांनी मनात घोळवलेलं वाक्य, बाहेर आलं तेव्हा एवढंसंच निघालं. मग बाकीचंही आलं, गुरुवार, लाल रेघ, दवाखाना, चौकशी, मूग. काकूंनी सगळं ऐकलं. कप उचलले, मोरीत ठेवले, नळ सोडला, बंद केला. परत आल्या त्या बसल्या नाहीत. "तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी त्यांची समजूत घालतेय, चूक होते म्हणून. न केलेल्या चुकीची समजूत. एक माणूस घरात होतं त्यांचं, मी, आणि मीसुद्धा धरूनच चालले की यांनीच केलं असणार." त्यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "येऊन एवढं सांगायला तुला वीस मिनिटांचा रस्ता होता रे."

आत खाट करकरली. घड्याळात पाच वाजायला पाच कमी होते. काकू गेल्या. इस्त्रीचा गरम, किंचित जळका वास आला. थोड्या वेळाने मास्तर बाहेर आले. ओले केस नीट बसवलेले, शर्टाचं गळ्याचंसुद्धा बटण लावलेलं, खिशाला पेन. किती लहान झाले होते! त्याला बघून ते जागच्या जागी ताठ उभे राहिले. "साहेब, तुम्ही का आलात? मीच येणार होतो." "मास्तर, मी साहेब नाही." "माझ्या हातून एक चूक झाली आहे," मास्तर म्हणाले. त्यांचं बोट शर्टाच्या कडेवरून फिरत होतं, तसंच. "मला आठवत नाही, पण लॉगिन माझं आहे, तेव्हा माझ्याच हातून झालं असणार." तो उठून त्यांच्या अगदी समोर गेला. "नाही झालं तुमच्या हातून. मास्तर, ऐका. तुम्ही दवाखान्यात होतात. डोळ्याला पट्टी होती. मी केलं ते. मी." मास्तरांनी मान किंचित कलती करून ऐकलं, लॉगमधली ओळ वाचताना करायचे तशी. वाटलं, पोचलं. वाटलं, झालं. मग त्यांचा चेहरा घाबरा झाला. "नाही, नाही साहेब. त्या पोराचं नाव यात आणू नका. कुणी सांगितलं तुम्हाला? माझ्या हाताखाली शिकतोय तो, अजून कायम व्हायचाय. मी ओळखतो ना त्याला. त्याच्या हातून काही झालं असतं तर पहिला येऊन मला सांगितलं असतं त्याने."

"सांगितलं होतं, मास्तर," तो म्हणाला. "सांगितलं होतं मी." पण मास्तर आता ऐकत नव्हते. ते तेच ते परत म्हणत होते, त्याचं नाव नको, माझं लॉगिन आहे, माझं लिहा. पाय थकले तरी बसेनात, साहेबांसमोर बसायचं कसं? काकू दाराला टेकून उभ्या होत्या. "म्हण," त्या म्हणाल्या. "काय?" "माफ केलं म्हण. साहेब समजतायत ना तुला? मग हो साहेब." "काकू, मी कसं म्हणू? मीच..." "तुझं काय ते मला कळलंय. ते माझ्यापाशी राहू दे, त्याचं मी बघेन. त्यांना आत्ता उभं राहवत नाहीये. म्हण."

खोलीत इस्त्रीचा वास होता आणि पंख्याचा आवाज. त्याने ज्यांची माफी मागायची होती ते त्याच्यासमोर हात जोडून उभे होते. त्याने ते हात धरले आणि खाली केले. "माफ केलं, मास्तर," तो म्हणाला. "ऑफिसने माफ केलं. फायली परत बसल्या. सगळं चालू आहे." मास्तरांनी डोळे बारीक केले. "लेखी द्याल?" लेखी! त्या तसल्या क्षणीही काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्याला लावला. त्याच्या खिशात लॉगच्या त्या पानाची, ऑफिसातून निघताना छापून घेतलेली प्रत होती. मास्तरांनी आपलं पेन दिलं. तीनच्या आकड्याच्या मागच्या बाजूला त्याने लिहिलं, माफ केलं, आणि सही केली. "तारीख घाला," मास्तर म्हणाले. त्याने तारीख घातली. मास्तरांनी कागद चष्म्याशी धरून दोनदा वाचला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला, आणि मग पहिल्यांदा गळ्याचं बटण सोडून खुर्चीत बसले. "आता चहा घेऊ या," म्हणाले, "साहेबांनाही द्या, बाई." खोका पलंगाखाली होता. सुतळीची गाठ त्याने स्वतः मारलेली, तीन वर्षांत कुणी सोडलेली नव्हती. निघताना काकूंनी कुलूप काढलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "कागद फार तर झोपेपर्यंत पुरेल. उद्या पाचला परत तेच." तो म्हणाला, "येतो." "एक दिवसाचं नाही म्हणत मी." "कळलं, काकू."

सोमवारी दुपारी, काउंटरची गर्दी ओसरल्यावर त्याने सर्व्हर थांबवला आणि सीडी घातली. वर मास्तरांच्या अक्षरात आवृत्ती, तारीख आणि खाली एक बारीक रेघ. रिकाम्या फोल्डरमध्ये मूळ फायली एकेक परत आल्या. मग सर्व्हिस पॅक सुरू केला. अठ्ठ्याहत्तरवर पट्टी थांबली. एकोणऐंशी. मग ती सरळ शंभरपर्यंत गेली. त्याने लॉग उघडून वरपासून खालपर्यंत बघितला, सगळीकडे एक, तीन कुठेच नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, यशस्वीपणे बसवला, आणि बसवणाऱ्याच्या नावापुढे मास्तरांचं नाव होतं. मॅनेजरबाई खूश झाल्या. "बघा, झालं की नाही! काय होतं हो शेवटी?" "तीन वर्षांपूर्वी मी दोन्ही सर्व्हरच्या मूळ फायली उडवल्या होत्या," तो म्हणाला. "ते मास्तरांवर शेकलं. ते निर्दोष होते." बाई तेव्हा या ऑफिसात नव्हत्या. "असं होय? बरं, जाऊ द्या आता ते. काम झालं ना?" त्याने हेही लेखी दिलं, तारीख घालून, सही करून. बाईंनी कागद वाचला आणि ट्रेमध्ये ठेवला. ट्रे बराच भरलेला होता.

पावणेपाचला त्याने पडदा बंद केला. "आज लवकर?" बाईंनी विचारलं. "रोज निघेन म्हणतो," तो म्हणाला, "सकाळी लवकर येईन." शिडीवरच्या माणसाची पाटी रंगवून झाली होती. तो आजही आधीच्या गल्लीत वळला नाही. आत दोन कड्या निघाल्या, कुलूप निघालं. त्याने चपला आत घेतल्या. मास्तर ओल्या केसांनी, गळ्यापर्यंत बटणं लावून खोलीच्या मधोमध उभे होते, खिशाला पेन होतं आणि कालचा कागद नव्हता. "साहेब," मास्तर म्हणाले, "तुम्ही का आलात? मीच येणार होतो." त्याने पेनासाठी हात पुढे केला.